कोल्हारच्या इसहाकाचे सांगावे

कोल्हारचा इसहाक गावात शिरला की बाया आधी रडायला लागत आणि मग विचारत, कोण गेलं.

ही थट्टा नव्हे. कोल्हारच्या लेकी नगर-मनमाड रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या गावांत दिलेल्या होत्या. कोल्हारात कुणी डोळे मिटले, की त्या लेकींना, बहिणींना, आत्या-मावश्यांना मातीला बोलावून आणायचं काम इसहाकाच्या घराकडे होतं. तार होती, पण ती साहेबलोकांची. गावाची तार म्हणजे इसहाक. डाव्या खांद्यावर घोंगडी टाकायची, काठी उचलायची आणि निघायचं. ऊन असो, पाऊस असो, प्रवरेला पूर असो. मढं काही थांबत नाही.

आजा हे काम महार म्हणून करायचा. बापानं बाप्तिस्मा घेतला, तरी करत राहिला. इसहाक तर जन्मानंच ख्रिस्ती. देव बदलला, नाव बदललं, जोहार जाऊन तोंडी सलाम आला, पण काम जिथल्या तिथं. पाळकसाहेब रविवारी उपदेशात सांगत की प्रभूनं जुनं सगळं पुसून टाकलं आहे. टाकलं असेल. पण सोमवारी पाटलाचा माणूस ख्रिस्तवाड्याच्या तोंडाशी उभा राहून हाक मारी, "ए इसाक, ऊठ, बापू गेलं." आणि इसहाक तोंडातला घास तसाच गिळून उठे.

अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत त्याला मिसरूड फुटत होतं. माणसं पटापटा जात होती, एकट्या बापाला गावं पुरी होईनात, म्हणून पोरगा हाताशी आला आणि तिथून जो जुंपला तो जुंपलाच. बापानं त्याला चार गोष्टी शिकवल्या. बाईमाणूस एकटं असेल तर सांगायचं नाही, आधी पुरुष गाठायचा. 'मेला' हा शब्द उच्चारायचा नाही. 'माती हाय, चला' एवढंच म्हणायचं. पाणी मागायचं नाही. सांगून झालं की मागं वळून बघायचं नाही. हे सगळं तो इतकी वर्षं पाळत आला. त्यानं कधी चुकीचा सांगावा दिला नाही, हेही खरं. आणि त्याचं त्याला मिळालं काय, तर सुगीला चार पाट्या धान्य आणि चाळीस गावांत एक तोंड, जे कुणालाच बघावंसं वाटत नव्हतं.

आता गंमत अशी, की माणूस मुळात आनंदी. देवळात भजन म्हणायला लागला की त्याचा आवाज भिंतीबाहेर जायचा. पाटलाची, तलाठ्याची, खुद्द पाळकसाहेबांची नक्कल तो अशी करायचा की बायको छबूबाई पदर तोंडात कोंबून हसायची. पण हे सगळं उंबऱ्याच्या आत. उंबऱ्याबाहेर त्याला हसताना कुणी पाहिलं नव्हतं आणि पाहिलं असतं तर लोकांना ते आवडलंही नसतं.

पाच लेकरं झाली, त्यातली एक जगली. लिडिया. तिला राहुरीच्या बाजूला, मुळेकाठच्या बाभुळवाडीला दिली. जावई कृपादान बैलगाडीनं मालाची नेआण करायचा. गरीब, सरळ माणूस. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला इसहाक करंज्यांची दुरडी घेऊन लेकीकडे गेला. वेशीवरच दोन बायांनी त्याला पाहिलं आणि गळा काढला. तो घरी पोचायच्या आत अर्धं गाव लिडियाच्या दारात जमलं होतं, मयत कुणाचं ते विचारायला. करंज्या तशाच राहिल्या. विहीण रतनबाई दारात उभी राहून म्हणाली, "इवाई, राग धरू नका. पन तुमी येत नका जाऊ."

विहिणीच्या बोलण्याचा राग धरायचा नाही, हे त्याला बापानं शिकवलं नव्हतं, पण ते त्याला आपसूक जमलं. तो गेला नाही पुन्हा. वर्षभर लेकीची खुशाली त्याला कृपादानाकडून बाजारात कळे.

मग सत्तेचाळीसच्या दिवाळीच्या सुमाराला कळलं, की लिडियाला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी, यात बोलायचं काय होतं? छबूबाईनं लगेच जुनी लुगडी काढून वाकळ शिवायला घेतली आणि निरोप धाडला, की सातव्यात पोरीला आणायला येतो. उलट निरोप आला तो असा: ज्या घरातून मढ्याचे सांगावे निघतात, त्या घरात आमचं लेकरू जन्माला यायचं न्हाई. इवायानं ते काम सोडावं. लोकांनी त्याला बघून रडायचं थांबावं. मग बघू.

छबूबाईनं दोन दिवस रतनबाईचा उद्धार केला.  इसहाकाला मनातून विहिणीचं पटत होतं, हीच तर त्याची पंचाईत होती.

नेमकं त्याच वेळी नगरच्या नव्या कॉलेजातून माणसाची मागणी आली. कॉलेज त्याच वर्षी निघालं होतं. लढाईच्या वेळच्या पत्र्याच्या बराकींत वर्ग भरत. प्रिन्सिपॉलसाहेब ख्रिस्ती, उमेदीचे, चांगले गृहस्थ. त्यांच्या मनात असं, की कॉलेज नुसतं विद्यार्थ्यांचं नको. आसपासच्या खेड्यांतल्या लोकांनीही यावं, व्याख्यानं ऐकावीत, पोरांची नाटकं बघावीत, गाणं ऐकावं. म्हणून कार्यक्रम बाजाराच्या दिवशी दुपारी ठेवायचे. छापील पत्रकं वाटून पाहिली, तर लोकांनी त्यांत भेळ बांधली. तेव्हा साहेबांनी कोल्हारच्या पाळकांना विचारलं, की मनमाड रस्त्याच्या गावांतून निरोप देईल असा, घराघरांत ओळख असलेला, खोटं न बोलणारा कुणी आहे का? पाळकसाहेब म्हणाले, आहे. ते काही खोटं बोलले नाहीत. इसहाकाला सगळे ओळखत होते. कसे ओळखत होते ते विचारायचं सुचलं नाही विचारणाऱ्याला, आणि सांगायचं सुचलं नाही सांगणाऱ्याला. शहाणी माणसं अशीच असतात.

इसहाकाला वाटलं, प्रभूनंच दार उघडलं. गावकीचं काम त्यानं चुलत्याच्या घराकडे लावून दिलं. कॉलेजनं त्याला खाकी कोट दिला, छातीवर पितळी बिल्ला. तो घालून त्यानं छबूबाईसमोर चक्कर मारली. "आता बग," तो म्हणाला, "आता म्या गेलो का लोकं हसतील. निदान रडनार तरी न्हाईत. चार फेऱ्या हुंदे, मंग जातो बाभुळवाडीला मुराळी हून."

मुराळी म्हणजे लेकीला माहेरी न्यायला येणारा माणूस. लिडियाला भाऊ नव्हता. तेव्हा मुराळी होणं हे इसहाकाच्याच वाट्याचं होतं आणि त्याला ते करायचं होतं. एवढीच त्याची इच्छा होती. डोंगराएवढी नव्हती.

पहिली फेरी व्याख्यानाची होती. नगरला जाऊन त्यानं सगळं पाठ केलं आणि उलट्या पावली रस्त्यानं गावोगाव निघाला. पहिल्याच गावात एका म्हातारीनं त्याला पाहून ऊर बडवला. तो हात जोडून ओरडला, "आजी, कुनी गेलं न्हाई, व्याख्यान हाय!" म्हातारीला वाटलं, व्याख्यान नावाचं नवं दुखणं आलंय. ती आणखीच रडली. दुसऱ्या गावात लोकांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी हळूच विचारलं, "ते समदं ऱ्हाऊ दे. खरं सांग, कोन गेलं?" तिसऱ्या गावात पारावर एकानं विचारलं, "व्याख्यान म्हंजी काय असतं रं?"

"एक मानूस हुबा ऱ्हाऊन बोलतो, बाकीचे बसून ऐकत्यात."

"मंग त्याला नगरला कशाला जायाचं? आमच्या घरात रोजच हाय की ते."

पार हसला. इसहाकही हसला, आणि हसता हसता त्याच्या ध्यानात आलं, की उंबऱ्याबाहेर, परक्या गावात, माणसं आपल्यासमोर पहिल्यांदा हसलीत. त्या रात्री त्यानं छबूबाईला तो पारावरचा माणूस तीनतीनदा करून दाखवला.

व्याख्यानाला खेड्यातून कुणी आलं नाही. पण पुढच्या खेपेला पडद्यावर दिव्याची चित्रं दाखवायची होती, विलायतेतल्या गाईंची, पवनचक्क्यांची. त्याला दोन गावची माणसं बाजार आटपून गेली आणि येऊन सांगत सुटली, की गाय भिंतीवर उभी असते. पौषात पोरांचं गाणं झालं, त्यालाही माणसं गेली. पारावरची पोरं आता इसहाकाला लांबून विचारू लागली, "इसाकमामा, आता काय हाय?" बाया मात्र अजून दाराआड होत. पण रडत नव्हत्या. बाजारात कृपादान भेटला आणि म्हणाला, "आबा, आईच्या कानावर गेलंय. गप बसलीय. गप बसली म्हंजी निम्मं झालं."

साहेबांनी मग नाटक ठरवलं. इसहाक ते सांगायला जानेवारीच्या अखेरच्या शुक्रवारी निघाला. दिवसभरात पाच गावं झाली. लोकांनी नाटकाचं नाव विचारलं, राजा आहे का, लढाई आहे का ते विचारलं. इसहाक खुशीत कोल्हारला परतला. आणि त्याच दिवशी सांजेला दिल्लीत गांधीजींना गोळ्या घातल्या.

रेडिओवरून बातमी मोटारस्टँडवर आली, तिथून रात्रीत गावोगाव गेली. सकाळी त्या पाच गावांत ज्यानं त्यानं एकमेकाला सांगितलं, "काल इसाक आला हुता." एवढंच. त्यात पुढं काही सांगायची कुणाला गरज वाटली नाही. देशाचा बाप गेला आणि त्याचा सांगावा कोल्हारच्या इसहाकानं आदल्या दुपारीच आणला, हे लोकांनी ठरवून टाकलं. त्याला बिचाऱ्याला दिल्ली कुठल्या दिशेला ते ठाऊक नव्हतं.

कॉलेजचे कार्यक्रम दुखवट्यामुळे बंद झाले. इसहाक साहेबांकडे जाऊन म्हणाला, "साहेब, दुसरा मानूस बगा. माझं तोंड वंगाळ हाय."

साहेबांना वाईट वाटलं. ते म्हणाले, "हा निव्वळ भ्रम आहे, इसहाकराव. तुम्ही माघार घेतलीत तर तो खरा ठरेल. जात राहा. लोकांना सवय होईल."

साहेबांचं चुकलं असं म्हणता येत नाही. लोकांना सवय होते. पण तिला वेळ लागतो, आणि लिडियाला सातवा सरून आठवा लागला होता. पोटातलं लेकरू गावाची समजूत बदलायची वाट बघत बसत नाही.

मार्चात कार्यक्रम पुन्हा सुरू झाले. या खेपेला बायकांसाठी खास बेत होता: आधी ख्रिस्ती कीर्तन, मग पोरांचं राहून गेलेलं नाटक, बायांना बसायला पुढं जागा. कृपादान बाजारात येऊन म्हणाला, "आबा, आईनं एक म्हनलंय. आमच्या गावाला बी सांगावा द्या. चावडीफुडं हुभं ऱ्हाऊन सांगा, घरी येऊ नका. गावच्या बाया हसतखेळत निघाल्या, तर आई बी निघती, लिडियाला घिऊन. मी गाडी जुंपतो. अन् तिथून तिला तुमच्या हवाली करती म्हनली."

इसहाकानं हे घरी येऊन सांगितलं तेव्हा छबूबाई उठली आणि तिनं मेथीच्या लाडवांसाठी गूळ फोडायला घेतला. "बग बाई, माझ्या देवा," ती म्हणाली, "कीर्तनातनं लेक आनायची ह्या जन्मी लिवलं हुतं."

ज्या दिवशी त्यानं बाभुळवाडीला जायचं ठरवलं, त्या दिवशी ऊन रणरणत होतं. मोठ्या रस्त्यावरून गाडीवाटेनं गेलं की सरळ चावडी. कृपादानानं सांगितलं होतं तेवढंच करायचं होतं. पण इसहाकानं गाडीवाट सोडली आणि मुळेच्या पात्राकडे वळला. तिथल्या ख्रिस्तवाड्यातल्या बाया दुपारच्या आधी नदीतल्या झिऱ्यावर पाण्याला येतात, हे त्याला माहीत होतं. लेकीला वर्ष-दीड वर्ष बघितलं नव्हतं. घरी जायची बंदी, नदीला काही बंदी नव्हती. लांबून एकदा बघू, तिला कळणारही नाही, आणि मग चावडीवर जाऊ, असा त्यानं हिशेब केला. बापाच्या जातीला एवढी हाव क्षमा असावी.

चालून अंग घामानं निथळत होतं. त्यानं खाकी कोट काढला आणि डाव्या खांद्यावर टाकला. हात इतक्या वर्षांच्या सवयीनं तिकडेच गेला.

नदीत वरच्या अंगाला मराठ्यांच्या बाया धुणं धूत होत्या. त्यांत बनुबाई होती, कोल्हारची लेक. तिचा बाप आसाराम तिकडे महिनाभर अंथरुणाला खिळला होता. तिनं धुणं आपटताना मान वर केली. पलीकडच्या काठावर, उन्हात, खांद्यावर काहीतरी टाकलेला, हातात काठी घेतलेला इसहाक उभा होता आणि बायांकडे टक लावून बघत होता. तो कुणाला तरी शोधतो आहे, हे तिला दिसलं. कुणाला, ते विचारायची तिला गरज नव्हती.

"माझा बाप गेला गं बया!"

तिनं असा हंबरडा फोडला की धुणं धुणाऱ्या सगळ्या बाया पाण्यातून उठल्या. एकीनं फोडला, की दुसरीला कसा आवरणार? आणखी दोघी कोल्हारकडच्याच होत्या. इसहाक काठावरून ओरडला, "न्हाई! कुनी गेलं न्हाई! नाटक हाय! कीर्तन हाय नगरला!" देवळाच्या भिंतीबाहेर जाणारा त्याचा आवाज, पण त्या रडण्यापुढं तो काहीच नव्हता. त्याचं तोंड उघडतंय, हात हलताहेत, एवढंच बायांना दिसलं. आणि तो हात हलवून काय सांगत असणार, हे त्यांना जन्मापासून ठाऊक होतं.

खालच्या अंगाला लिडिया झिऱ्यावरून घागर भरून दरड चढत होती. रडणं ऐकून ती वळली. तिला ठाऊक होतं की बाप आता खेळाचे सांगावे देतो. नवऱ्यानं तिला सगळं सांगितलं होतं. पण तसा आक्रोश कानी पडल्यावर ठाऊक असलेलं कुणाच्या कामी येतं? समोर बाप उभा होता, खांद्यावर टाकलेलं होतं, आणि तो तिलाच बघत होता. ती "आई" म्हणाली. घागर डोक्यावरून गेली, ओल्या दरडीवर पाय घसरला, आणि ती पोटावर आदळून खाली झिऱ्यापर्यंत घरंगळत आली.

इसहाकानं ते पाहिलं. तो नदीतून धावला, पण त्याला पोचायला वेळ लागला, कारण वाळू होती आणि त्याचं वय झालं होतं.

तिला घरी नेली. सुईण आली. तिन्हीसांजेला मेलेलं लेकरू झालं, मुलगा होता. मध्यरात्र उलटली तरी रक्त थांबेना, तेव्हा कृपादानानं गाडी जुंपली आणि नगरच्या मिशन दवाखान्याच्या वाटेला लागले. गाडीत लिडियाचं डोकं रतनबाईच्या मांडीवर होतं. इसहाक मागं गाडी धरून चालत होता. रतनबाई कडक बाई, पण साऱ्या वाटेनं तिनं एक शब्द वावगा काढला नाही. एकदाच म्हणाली, "इवाई, गाडीत बसा. तिच्यासंगं बोला."

तो बसला. लिडियानं डोळे उघडून त्याला पाहिलं.

"आबा, आई कशी गेली?"

"आई हाय गं. जिती हाय. लाडू वळतीया तुझ्यासाठी."

"समजुतीचं नका सांगू, आबा," ती म्हणाली. "तुमी कधी खोटं सांगत न्हाई."

त्यानं तिला पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. नाटकाचं सांगितलं, कीर्तनाचं सांगितलं, आईनं शिवलेल्या वाकळीचा रंग सांगितला. ती ऐकत होती की नाही, कळलं नाही. इसहाकाच्या तोंडून चांगली बातमी येते यावर पोटची पोरसुद्धा विश्वास ठेवायला तयार नव्हती. दवाखाना अजून लांब होता, पूर्वेला नुसतं फटफटलं होतं, तेव्हा ती गेली. आईच्या मागं आपण निघालो, असंच समजून गेली.

गाडी माघारी आली. माती दुपारून करायची ठरली. आईला आणायला तेवढा वेळ लागणार होता. कोल्हारला कोण जाणार, असा प्रश्न निघाला. बाभुळवाडीतला ज्याच्याकडे सांगाव्याचं काम होतं तो माणूस काठी घेऊन उभा राहिला.

"तू बस," इसहाक त्याला म्हणाला. "ते घर माझं हाय."

कृपादानानं त्याला रस्त्यावर आणून सर्व्हिस मोटारीत बसवलं. इसहाक सकाळी कोल्हारला उतरला, तेव्हा ख्रिस्तवाड्यात चुली पेटल्या होत्या. वाटेत भेटलेल्या दोघातिघांनी त्याला सलाम केला. इथं त्याला बघून कुणी रडायचं कारण नव्हतं. कोल्हारातून तो मरण बाहेर नेई; आत आणायची त्याची रीत नव्हती.

साऱ्या मुलखात एकच माणूस असं होतं, की जे इसहाकाला येताना बघून कधी दचकलं नव्हतं. छबूबाई चुलीपाशी बसली होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि मान वर करून हसली.

"आलं का? रातच्याला ऱ्हायलं वाटतं लेकीकडं? मी म्हनलंच, विहीण इरघळली. येत्यात ना समदे?"

इसहाकानं तोंड उघडलं. हजारो वेळा म्हटलेले ते तीन शब्द ओठाशी आले होते. पण समोर तव्यावरून उतरलेली भाकरी होती, वाटीत कांद्याची पात होती, आणि छबूबाई अजून जेवली नव्हती. त्यानं आजवर किती घरांत सांगावा दिला होता. तो सांगितल्यावर त्या घरात पुढं तीन-तीन दिवस कुणी घास घेत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि हिला आता मुळेकाठापर्यंत जायचं होतं, लेकीचं तोंड बघायचं होतं, मूठमाती द्यायची होती. रिकाम्या पोटी ती उभी राहिली नसती.

"सांगतो," तो म्हणाला. "आधी तू जेव."

"तुमी?"

"मी खाल्लंय."

तिनं भाकरी मोडली. खाता खाता बोलत राहिली. लाडू डब्यात भरलेत, पण दोन तुटले. लिडिया आली की तिला आतल्या खोलीत निजवायचं, तिथं वारं लागत नाही. पोरगी झाली तर तिचं नाव मरिया ठेवायचं, पोरगा झाला तर रतनबाई काय म्हणेल ते. "कशी दिसती वो? सुजली का? माझी बी तिच्या वक्ताला लई सुजली हुती पावलं."

इसहाक भिंतीला टेकून बसला होता. मोटार निघायला अवकाश होता. छबूबाईनं ताटातलं संपवलं, तांब्याकडे हात नेला. त्यानं पुढं सरकून टोपल्यातली भाकरी काढली आणि तिच्या ताटात ठेवली.

"अर्धी अजून घे," तो म्हणाला.

"एवढी?" ती हसली. तिला वाटलं, माणूस आज खुशीत आहे. तिनं घेतली.